रद्द झालेले कर्जरोखे

कॅनडातल्या एडमंटनमधली ती घटना निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत सार्जंट होतो. जानेवारीत एका सकाळी एका मराठी काकूंचा फोन आला. त्यांचे यजमान निवृत्त डॉक्टर, ऐंशीच्या पुढचे.

"आमचे हे राहतं घर विकायला निघालेत. कसले तरी जुने सरकारी कागद घेतायत," त्या म्हणाल्या. "मी फोन केला हे त्यांना कळू देऊ नका."

ते कागद म्हणजे आफ्रिकेतल्या एका देशाचे कर्जरोखे. स्वातंत्र्य मिळताच तिथल्या सरकारने स्वतःच्या नोटा छापल्या आणि शाळा-रस्त्यांसाठी रोख्यांवर लोकांकडून कर्ज उचललं. दोन वर्षांत ते सरकार उलथलं. रोखे विकणारा गृहस्थही मराठीच, निवृत्त प्राध्यापक. आताचं सरकार हे कर्ज सोन्याच्या भावाने फेडणार, असं सांगून तो तिथल्या अर्थखात्याचं पत्र दाखवी.

काकूंच्या फोनचा उल्लेख न करता मी डॉक्टरांना भेटलो. ते तक्रार द्यायला तयार नव्हते. "तो देश स्वतंत्र झाला तेव्हा मी मेडिकलला होतो. हॉस्टेलवर पेढे वाटले होते आम्ही. रोखे जेन्युइन आहेत, तपासून घ्या."

तपासले. रोखे अस्सल निघाले. पण पुढच्या सरकारने ते केव्हाच रद्द केले होते आणि अर्थखात्याचं पत्र खोटं होतं, असं त्या देशाच्या दूतावासाने कळवलं. किंमत शून्य.

प्राध्यापकाला चौकशीला बोलावलं. वकिलाचा हक्क समजावून सांगितला, त्याने नको म्हटलं. चार तास तो शांत होता. "पत्र मला पोस्टाने आलं. मीही फसलोय," एवढंच. पत्र त्यानेच बनवलं, याला पुरावा नव्हता. तो निघताना मी त्याच्याकडे खरेदीदारांची यादी मागितली. हुशार माणसाला आपण सहकार्य करतोय हे दाखवायला आवडतं. दुसऱ्या दिवशी तो घरून यादी छापून घेऊन आला.

यादीच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक फिकट करडी रेघ उमटली होती. अर्थखात्याच्या पत्रावरही तीच रेघ, तितक्याच अंतरावर. वॉरंट काढून त्याच्या बेसमेंटची झडती घेतली. ती रेघ उमटवणारा प्रिंटर मिळाला, लॅपटॉपमध्ये पत्राचे मसुदे मिळाले. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर त्याने ते कडेला कड लावून पाहिले. मग म्हणाला, "आता वकील बोलवा."

डॉक्टरांना सांगायला मी स्वतः गेलो. ते म्हणाले, "माझं जाऊ दे. तीन मित्रांना मीच घ्यायला लावले."

त्याच आठवड्यात ते बर्फातून तिघांच्याही दारी गेले, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. एकाने घर विकलं होतं. नवरा-बायको मुलाच्या बेसमेंटमध्ये राहत होते. बायकोने दार उघडलं. "तुमच्या शब्दावर घेतले हो यांनी," एवढं बोलून तिने ते लावून घेतलं.

प्राध्यापकाला शिक्षा झाली, पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत. निकालाआधीच डॉक्टर गेले. अंत्यविधीला त्या तिघांपैकी कुणीही आलं नाही.

तोवर मला वाटे, फसलेली माणसं भोळेपणामुळे गप्प बसतात. त्यानंतर प्रत्येक जबाबात मी एक प्रश्न वाढवला: हे तुम्ही आणखी कुणाला सुचवलंत? स्वतःचा तोटा कोरड्या डोळ्यांनी सांगणारी कितीतरी माणसं त्या प्रश्नाशी थांबली, आणि मला पेन खाली ठेवावं लागलं.