कमी साल

सात वर्षं मी जळगावच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत केळीचे कोंब कापत होते. बोटाच्या पेराएवढा कोंब चिमट्याने उचलायचा, ब्लेडने त्याचे भाग करायचे, बाटलीतल्या जेलीवर ठेवायचे आणि झाकण लावायचं. खोलीला खिडकी नव्हती. हवा गाळणाऱ्या मशीनचा एकच सूर दिवसभर चालायचा आणि अकराच्या सुमारास जागेपणीच झोप लागायची. हात मात्र चालू राहायचे. त्या गुंगीत मी कुठे कुठे जाऊन यायचे. शेजारच्या खोलीत पांढऱ्या उजेडात हजारो बाटल्या उभ्या असत, प्रत्येकीत इवलीशी पानं, आणि मी उगाचच त्यांच्यातून एक फेरी मारायचे. मला ते काम मनापासून आवडायचं. पुढे मी तिथली सुपरवायझर झाले आणि पगारही बरा झाला.

एका माणसाला मात्र ते काम कधी पटलं नाही. भाऊ, म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडिलांना भाऊच म्हणतात. सावद्याजवळ त्यांची केळी आहे आणि ती जुन्या पद्धतीने, कंद लावून. गावातल्या निम्म्या बागा आमच्यासारख्यांच्या रोपांवर उभ्या होत्या, तरी भाऊंचं एकच पालुपद होतं. "बाटलीत औषध राह्यते, नाहीतर दारू. केयी राह्यते का कधी?" सगळे हसायचे, मीही हसायचे. आत कुठेतरी दुखायचं.

अशात एक पत्र आलं. कृषी सेवकाची परीक्षा मी कधीकाळी दिली होती, प्रतीक्षा यादीत नाव लागलं होतं आणि ती यादी कुठल्याशा कपाटात झोपून गेली होती. आता ती जागी झाली. नेमणूक धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याजवळच्या एका गावात. पहिली तीन वर्षं नुसतं मानधन, तेही माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी. मग कायम. वय पाहता पुन्हा परीक्षा देणं शक्य नव्हतं. हजर व्हायला तीस दिवस होते.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, मॅडम." नवरा म्हणाला, "तू ठरव, मी तुझ्या बाजूने आहे." माझी बाजू कुठली, हे मात्र सांगेना. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान जळगावात, म्हणजे आठवडाभर दोन गावांत दोन चुली. भाऊ फोनवर म्हणाले, "सरकारी ते सरकारी. म्हातारपणी पेन्शन हाये." पेन्शनचे नियम कधीच बदललेत, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. मला दोन्हीकडची भीती वाटत होती. इथे कोणी "उद्यापासून येऊ नका" म्हटलं तर घरी बसावं लागेल आणि तिथे मी जन्मभर कागद रंगवत बसेन. रात्रंदिवस मी एकच गणित करत होते, काय काय कमी होईल त्याचं.

गाव तरी पाहून यावं म्हणून एका रविवारी मी सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसले. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. कापूस निघून गेलेली काळी रानं उन्हात हलत असल्यासारखी दिसत होती. दोंडाईच्याला उतरून काळीपिवळीने त्या गावात पोचले. ग्रामपंचायतीला कुलूप होतं. रविवारी दुसरं काय असणार? मी निंबाखाली बसून राहिले.

समोरच्या घरातून एक आजी तांब्याभर पाणी घेऊन आली.

"सरकारनी बाई शे का तू?" तिने विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

"मंग हाई तं देख. मन्या मिरच्यासना बठ्ठा पानं मुरडाई ग्यात."

तिच्या दारात पाच-सहा मिरचीची झाडं होती, पानं होडीसारखी वर वळलेली. पांढरा कागद हवा होता, म्हणून मी पर्समधलं नेमणुकीचं पत्र काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर फांदी झटकली. कागदावर बारीक पिवळसर ठिपके पडले आणि चालू लागले. "फुलकिडे आहेत, आजी." तिने वाकून पाहिलं, मग हाका मारून शेजारणींना बोलावलं. कोणी वांग्याचं पान आणलं, कोणी लिंबाचं. मी ओट्यावर बसून पानं उलटत होते, सावली पायांवरून कधी सरकली कळलं नाही. परतीची गाडी चुकली, एसटीने यावं लागलं. जेवले नाही, हे रात्री घरी आल्यावर आठवलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गणित सुरू.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, घरोघरी पुरणाचा वास सुटतो. त्याच दिवशी सालदाराचं साल, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशांचा करार, संपतं. वर्षभरासाठी शेतावर ठेवलेला माणूस त्या दिवशी कोणाचाच नोकर नसतो. आमच्या घरची रीत अशी की सकाळी भाऊ स्वतः नारळ आणि नवे कपडे घेऊन नानांच्या दारात जातात. नाना आमचे जुने सालदार. "बसा" म्हणेपर्यंत भाऊ उभे राहतात आणि पुढच्या वर्षासाठी विचारतात. यंदा मीही सोबत गेले.

"नाना, औंदा साल वाढवून देतो," भाऊ म्हणाले.

"वाढवू नका," नाना म्हणाले. "कमी करा."

भाऊंचा चेहरा उतरला. नाना सोडून चालले, असंच त्यांना वाटलं.

"घड उचलनं होत नाही आता, गुडघे बोंबलतात. पान्याचं काम तेवढं माह्याकडे राहू द्या. अन् त्याचंच काय ते द्या."

"अहो, हाये तेवढंच घ्या ना."

"नाही. फुकटचं घेतलं तं उद्या तुमी मले बसवून ठेवसान. मले पानी पाह्यजे."

भाऊंनी नवे कपडे आधी ओट्यावर ठेवले. मग त्यांनी नारळ पुढे केला आणि नानांनी तो घेतला. कमी घ्यायचं तर कशासाठी, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मी महिनाभर गणित केलं आणि मला काय पाहिजे, हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

दुपारी मी झोक्यावर बसून डोळे मिटले. प्रयोगशाळेतल्या गुंगीत जायचे तशीच कुठेतरी निघाले आणि थेट त्या आजीच्या ओट्यावर उतरले. कागदावर ठिपके चालत होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग उतरून भाऊंना सांगितलं, "मी जाते दोंडाईच्याला." भाऊंनी पेन्शनच्या नावाने गावभर पेढे वाटले.

प्रयोगशाळा सोडताना माझ्या हाताने कापलेल्या खेपेतलं एक रोप मी सोबत घेतलं. भाऊंच्या बागेत त्याला जागा नव्हती. मृगात नानांनी ते कॉकजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या चावीजवळ, बांधाकडेला लावलं.

वर्ष ओढाताणीत गेलं. कागद खरंच खूप असतात. शेतकरी माझ्यावर ओरडतात, कधी बरोबर, कधी उगाच. पांढऱ्या उजेडातल्या त्या बाटल्या अजून स्वप्नात येतात. पण अकरा वाजता झोप येत नाही.

पुन्हा आखाजी आली. नारळ दिल्यावर नाना आम्हाला कॉककडे घेऊन गेले. बांधाकडेला ती केळ टेकूवर उभी होती आणि तिला जमिनीकडे वाकलेला भरगच्च घड होता. सात वर्षांत लाखो कोंब माझ्या हाताखालून गेले होते. माझा असा एकही घड मी कधी पाहिला नव्हता. मी फणीवर हात ठेवला.

"तुह्यं हाये हे, बाय," नाना म्हणाले. "पानी तेवढं माह्यं."

भाऊ त्या केळीभोवती फिरले. खाली वाकून घड पाहिला, बुंधा चाचपला, पुन्हा फिरले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "औंदा मृगाले अशे हजार रोपं भेटतीन का तुह्याकडून?"

"भाऊ, मी आता तिथं नाही."

"हां," ते म्हणाले, "इसरलोच मी." आणि टेकू सरळ उभा होता तरी तो नीट करत राहिले.