काचेची तार

पडेगावच्या सांडू साळवेंची सारी हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. खांबावर चढून त्यांनी कितीतरी घरांतले मुके फोन बोलते केले होते. आता त्यांच्याच घरी फायबर यायचं होतं. सकाळीच त्यांनी भिंतीतल्या पाइपातली जुनी तांब्याची तार मोकळी केली, तिच्या टोकाला नवी केबल बांधली आणि अलगद ओढून बैठकीत आणली.

जोडणीला आलेल्या सोनियानं केबलचं टोक सोललं. आत केसाएवढा बारीक धागा निघाला.

“पोरी, ह्याच्यात तांबं कुठंय?”

“तांबं नाय काका, नुसती काच. ह्याच्यातून उजेड जातो. टोकासमोर तळहात धरा, पण टोकात बघू नका.”

ती बाहेर गेली आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला तिनं तपासणीचा दिवा लावला. सांडूंच्या तळहातावर लाल ठिपका उमटला. त्यांच्या अंगावर काटाच आला.

“अगं मनकर्णा, लवकर ये!” त्यांनी बायकोला हाक मारली. “दोन कोपरे वळून उजेड घरात आला बघ!”

मनकर्णाबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी आपली ओंजळ पुढं केली. ठिपका तिच्यात उतरला.