पंचविसाव्या वर्षाचं तोरण

सोल्वाय हल्ली कुणाच्याच सहलीच्या कागदावर मोकळी दुपार सोडत नाही. दोन ते पाच होडी, नाहीतर राजवाडा, अगदीच काही सुचलं नाही तर एखादं संग्रहालय, पण काहीतरी टाकतेच. पूर्वी असं नव्हतं. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दोन टेबलांच्या ऑफिसात बसून तिने सत्तावीस वर्षांत आमच्या अर्ध्या पंचक्रोशीला युरोपातल्या राजधान्या दाखवल्या. स्वतः त्यातल्या एकीतही गेली नाही. आणि जोडप्याची सहल असली की तिसऱ्या दिवशी दोन ते पाच या वेळेपुढे एक नुसती रेघ.

"हे काय, विसरलीस का?" लोक विचारायचे.

"विसरेन कशी? एकमेकांच्या तोंडाकडे बघायला वेळ नको? की त्याचीही तिकिटं काढून देऊ?"

लोक हसायचे. परत आल्यावर कुणी सांगायचं, बाई, राजवाडे सगळे सारखेच, ती दुपार तेवढी लक्षात राहिली. एक डेअरीवाला आणि त्याची बायको मात्र वेगवेगळ्या गाडीने परत आली. "फुटायचं ते घरीही फुटलं असतं," सोल्वाय म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दुसऱ्याच्या संसाराबद्दल बोलायचं असलं की जिभेला हाड नसतं कुणाच्याच.

आमच्या हेडेलुंडात लग्नाला पंचवीस वर्षं झाली की तोरण शेजाऱ्यांनी करायचं. आठवडाभर कुणाच्यातरी गोठ्यात बसून फरच्या डहाळ्या तारेवर गुंडाळायच्या, चंदेरी कागदाची फुलं करायची आणि आदल्या संध्याकाळी त्या जोडप्याच्या दाराला कमान उभी करायची. मधोमध पंचविसाचा आकडा. घरातल्यांनी दिवे मालवायचे, पडदे ओढायचे आणि कान नसल्यासारखं बसायचं. सकाळी सातला सगळे दारात जमतात, ट्रम्पेट वाजतं, त्या दोघांवर मुद्दाम रचलेलं गाणं म्हणतात. नवराबायकोने झोपेचं सोंग घ्यायचं आणि मग झोपेच्याच कपड्यांत दार उघडून, 'अगंबाई, हे काय!' करत तोरणाखाली उभं राहायचं. मग कॉफी, पाव आणि त्या अवेळी एकेक घोट कडू दारू. सोल्वायने अशी अकरा तोरणं बांधली होती. डहाळ्यांचा चीक बोटांवरून तीन दिवस जात नाही, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

ज्यांना हे नको असतं ते पेपरात एक ओळ देतात, 'त्या दिवशी बाहेरगावी', आणि खरंच कुठेतरी जातात. तिकिटाला अर्थात सोल्वायकडेच यायचे. ऑफिसातल्या दुसऱ्या टेबलावरच्या इंगाला तिने एकदा सांगितलं होतं, "बाहेरगावी जाणारे दोन जातीचे. एक चिक्कू, पाव आणि कॉफी वाचवणारे. दुसरे, ज्यांच्यापाशी साजरं करण्यासारखं काही उरलेलं नाही ते."

"आणि ओळखायचे कसे?" इंगाने विचारलं.

"सोप्पं आहे. चिक्कू माणूस शंभर प्रश्न विचारतो. दुसरा म्हणतो, कुठेही चालेल."

सप्टेंबरात एका संध्याकाळी सोल्वाय बटाटे सोलत होती. तिचा नवरा आस्गर बूट काढून दाराशी बसला होता. तो चर्चच्या दफनभूमीचा राखणदार. कबरी खणायच्या, गवत कापायचं, हिवाळा आला की कबरींवर फरच्या डहाळ्या अंथरायच्या, हे त्याचं काम. गावातल्या तोरणांनाही डहाळ्या तोच द्यायचा. बोलणं कमी, आणि अलीकडे त्याहूनही कमी.

"सहा नोव्हेंबरला आपण जाऊ कुठेतरी," तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठेही चालेल."

सोल्वायच्या हातातली सुरी थांबली. मग तिने तो बटाटा पुरा सोलला, पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"तोरण आहे आस्गर. समोरची केटी तयारीला लागलीये. फक्त डहाळ्या कुणाकडे मागायच्या हा प्रश्न पडलाय तिला. नवरदेवाकडे कशा मागणार?"

"म्हणून तर म्हणतो. मला ते गाणं सहन व्हायचं नाही."

"होल्गर मास्तरांचं गाणं कुणालाच सहन होत नाही."

आस्गर हसला नाही. पूर्वी एवढ्यावर हसला असता.

सोल्वायला तोरण हवं होतं. अकरा जणांच्या दारात थंडीत उभी राहून ती गायली होती, आणि दर वेळी मनात म्हणाली होती, आपलीही सकाळ येईल. आपण झग्यात उभ्या असू, केस विंचरलेले नसतील, शेजारी आस्गर असेल. त्या एका सकाळीवर तिने फार काही टांगून ठेवलं होतं. आणि तोंड उघडून नवऱ्याला 'का?' एवढंही तिला विचारता आलं नाही, कारण उत्तर तिनेच इंगाला कधीचं देऊन ठेवलं होतं.

मग तिने तेच केलं जे तिला करता येत होतं. सहल आखली. प्राग, गुरुवार ते रविवार. तीन आठवडे तिने त्या कागदावर काढले, एवढे तर नवीन लग्न झालेल्या जोडप्यांवरही कधी काढले नव्हते. नदीपलीकडचं लहानसं हॉटेल शोधलं, कारण आस्गरला गजबज आवडत नाही. कुठल्या वाटेने चढण कमी लागेल ते पाहिलं, कारण खणून खणून त्याचे गुडघे गेले होते. जुन्या यहुदी दफनभूमीसाठी शुक्रवारची अख्खी सकाळ ठेवली. शनिवारी, तिसऱ्या दिवशी, दोन ते पाचपाशी पेन्सिल अडली. होडी टाकता आली असती. तिने रेघ ओढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आस्गरने कागद वाचला. रेघेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"जोडप्यांना सोडते मी एवढी जागा."

त्याने बोट त्या रेघेवरून शेवटपर्यंत नेलं. "असू दे," म्हणाला.

पेपरातली ओळ तिने ऑफिसात दोनदा टाइप केली आणि दोन्ही वेळा खणात टाकली. एक तर लाज वाटली. आणि दुसरं म्हणजे तिला वेडी आशा होती की ओळ छापली नाही तर गोष्ट घडणार नाही. आयत्या वेळी आस्गर म्हणेल, जाऊ दे, राहू या घरी. त्याने तसं म्हटलं नाही. गुरुवारी पहाटे दोघं निघाले तेव्हा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी एरवीही शेडमध्येच असायची. आस्गरने दोन दिवसांची रजा चर्चच्या पाद्र्याकडून घेतली होती, आणि पाद्री शेजारच्या गावचा, इंगा तालुक्याची.

प्रागमध्ये तिचा कागद घड्याळासारखा चालला. ट्रॅम वेळेवर आल्या, चढण खरंच कमी लागली. दफनभूमीत आस्गर दोन दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला. एकमेकांवर कललेल्या त्या दगडांपाशी उकिडवा बसून म्हणाला, "यांना हात लावता कामा नये. एक सरळ करायला जाल तर दहा पडतील."

शनिवारी सकाळी सात वाजता सोल्वाय जागी होती. तिने डोळे मिटून घेतले, रीत असल्यासारखे. पलंगाच्या कडेवर आस्गर बसल्याचं तिला कळलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. काहीतरी म्हणेल म्हणून ती बराच वेळ सोंग घेऊन पडून राहिली.

"न्याहारी साडेसातला आहे ना?" तो म्हणाला.

दोन वाजता पाऊस होता म्हणून ते नदीकाठच्या एका केकच्या दुकानात शिरले. आस्गरने अर्धा केक खाल्ला आणि काटा नीट बशीच्या कडेला ठेवला.

"तू जागा ठेवलीस म्हणून बोलतो," तो म्हणाला.

"मी सगळ्यांनाच ठेवते."

"मला त्या तोरणाखाली उभं राहता आलं नसतं, सोल्वाय. लोक गाणार, आणि माझ्या आत काहीच नाही गं. कितीतरी वर्षं नाही."

"कोण आहे ती?"

"कुणी नाही. असती तर बरं झालं असतं. तुला शिव्या द्यायला तरी कुणी मिळालं असतं."

"किती वर्षं?"

अमुक कबर किती जुनी असं कुणी विचारल्यावर तो जसा प्रामाणिकपणे आठवायचा तसं त्याने आठवलं. "सात. आठ असतील."

"मग आठ वर्षं बोलला नाहीस ते आजच कशाला?"

"घरात गप्प राहता येतं. पण दारात उभं राहून, वर आकडा लावून, ट्रम्पेट वाजवून..." त्याने मान हलवली. "चर्चच्या जुन्या घरात वरची खोली मागितलीये मी. एक डिसेंबरपासून."

सोल्वायला बशी उचलून त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. त्याने एखाद्या बाईचं नाव घेतलं असतं तर तिने फेकलीही असती. "तो केक संपव," ती म्हणाली, "टाकू नकोस."

घड्याळात पावणेतीन झाले होते. पाचपर्यंत कागदावर काहीच नव्हतं. दोघं तिथेच बसून राहिले.

रविवारी चारच्या सुमाराला, उजेड संपता संपता, गाडी घराकडे वळली आणि दिव्यांच्या झोतात तोरण उभं राहिलं. गच्च हिरवं, चंदेरी फुलं, वर पंचवीस.

आस्गरने इंजिन बंद केलं. "पेपरात दिलं नव्हतंस?"

"नाही."

तेवढ्यात लाकडी चपला वाजवत केटी आलीच. तिचं घर समोर.

"कुठे उलथला होतात गं दोघं?" केटीने गाडीचं दार उघडलं. "शुक्रवारी दिवे बंद. आम्ही म्हटलं, काय पण छान सोंग घेतलंय! सकाळी गायलो. दार बंद. म्हटलं, आस्गर मुरलेला आहे, ताणतोय. मास्तर तर मागे जाऊन बेडरूमच्या खिडकीखाली ट्रम्पेट वाजवून आले! सगळं गाणं दोनदा म्हटलं, थंडीत! शेवटी मी खिडकीला नाक लावलं, तर पलंग रिकामा!" ती हसता हसता वाकली. "पाव तुमच्याच पायरीवर बसून खाल्ले आम्ही. आता सुटका नाही. थांब, सगळ्यांना बोलावते."

बोलवायची गरज नव्हती. गाडीचे दिवे पाहून लोक निघालेच होते. नऊ-दहा जण, हातात गाण्याचे पिवळे कागद. होल्गर मास्तर ट्रम्पेट घेऊन, सत्तरीचे, नाक लाल. आस्गरने डिकीतून दोन्ही बॅगा काढल्या. तोरणाकडे पाहिलं, सोल्वायकडे पाहिलं, आणि घराला वळसा घालून मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला.

"अरे, हा कुठे चालला?" कुणीतरी म्हणालं.

"बॅगा ठेवायला," सोल्वाय म्हणाली. ती पुढे झाली आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिली. पाठीमागे बंद दार. डहाळ्या कुणाच्या ते तिला वासावरूनच कळलं: दफनभूमीच्या कुंपणाजवळच्या. आस्गरची पाठ वळताच तोडून आणल्या होत्या. "करा सुरू."

"त्याला येऊ दे की!" केटी म्हणाली.

"करा म्हटलं ना."

ट्रम्पेट वाजलं. ते गायला लागले. दुसऱ्या कडव्यात मास्तरांनी दोघांच्या धंद्यावर कोटी केली होती:

"सोल्वाय धाडते आम्हांला देशोदेशी,
आस्गर शेवटी घेतो आपल्यापाशी!"

सगळे खदखदून हसले. सोल्वायही हसली. आत दिवा लागला. भांड्यांचा आवाज आला. तिसरं झालं, चौथं झालं. केटी गाता गाता तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि पाचव्या कडव्यात केटीचा आवाज बंद पडला.

सहावं संपत आलं तेव्हा तिच्या पाठीमागचं दार उघडलं. आस्गर ट्रे घेऊन उभा होता. सगळ्यांपुरते कप, वाफाळती कॉफी, साखर, दूध, काही विसरला नव्हता.

"आला, आला! ये बाहेर, नवरदेवा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आस्गरने उंबरठा ओलांडला नाही. आतूनच हात लांब करून त्याने ट्रे सोल्वायच्या हातात दिला. "गार होईल," तो हळू म्हणाला. टाळ्या एकेक करून थांबल्या. कुणाला कळलं, कुणाला नाही, पण कागद मात्र सगळ्यांचेच खाली आले. शेवटचं कडवं पुढच्या पंचवीस वर्षांचं होतं.

सोल्वायने ट्रे छातीशी घट्ट धरला.

"म्हणा मास्तर," ती म्हणाली. "सातवं राहिलंय."