देवरेभाऊंचा लाल ठिपका

देवरेभाऊंच्या हातात काही दिलं की आधी ते उलटं करून बघायचे. रिकामा चहाचा कपसुद्धा! सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणीवर काढलेली. खराब निघालेल्या भागावर लाल रंगाचा ठिपका मारायचा, हेच काम. निवृत्त झाले तरी रंगाची बाटली घरात होतीच, बरं का.

इंदिरानगरात आमच्या समोर राहायचे. हातात मावणारं गेमचं यंत्र, हा त्यांचा म्हातारपणचा नाद. विकतचे गेम महाग, म्हणून कुलूप तोडलेल्या कॉप्या कार्डावर भरून अख्ख्या बिल्डिंगला वाटायचे. मी म्हटलं, "भाऊ, ही चोरी नाही का हो?"

"विरजण दिल्यानं दही कमी होतं का, वहिनी? घ्या. माल चोख शे!" मूळचे सटाण्याचे. खूश झाले की अहिराणी यायची.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनीच एक जुनं यंत्र आणून दिलं, शेतीचा गेम भरून. मी त्यात गाय घेतली, कपिला नाव ठेवलं. रोज चारा घालायची, ब्रश फिरवायची. महिना झाला, थेंबभर दूध नाही. माझंच काही चुकतंय म्हणून जेवण जाईना. हसू नका!

भाऊ नेटवर वाचून आले ते चेहरा पाडूनच. "तुमचं नाही चुकलं, वहिनी. गेमवाल्यांनी आत पहारा बसवलाय. कॉपी ओळखली की गाय आटते. तीस वर्षांत माझ्या हातून खराब माल बाहेर गेला नव्हता."

दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून सगळी कार्डं परत मागितली. "आमचं चालतंय की हो," लोक म्हणाले. "आज चालतंय," म्हणत भाऊंनी प्रत्येक कार्डावर लाल ठिपका मारला. त्यांची बायको म्हणाली, "कंपनी सुटली, यांची तपासणी काही सुटत नाही!"

मग महिनाभर फिरकले नाहीत. आले ते अस्सल कार्ड घेऊन. लावलं, तर माझंच शेत! विहिरीपाशी वांगी, कुंपणाला झेंडू, गोठ्यात कपिला. सगळं त्यांनी बसून पुन्हा उभं केलेलं.

"बादली धरा," म्हणाले. दूध आलं हो!

"विकतचं एकच कार्ड, तेही मला. मग तुम्ही काय खेळणार?"

"यावेळी विरजण नाही, वहिनी. पातेलंच दिलंय."

गेल्या वर्षी भाऊ गेले. परवा शेजारची पूर्वा म्हणाली, "आजी, तुमच्या शेताच्या गेमची कॉपी द्या ना." मी कार्ड काढलं, उलटं करून पाहिलं. ठिपका नव्हता. तेच तिच्या हातावर ठेवलं.

"परत आण हं. आणि कपिलेला उपाशी ठेवू नकोस."