सहा पीळ

माझे सासरे वामनराव कारखानीस मोटारसायकल चालवत, असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. ते मोटारसायकल फिरायला नेत. त्यांची राजदूत पंचविसाच्या वर गेलेली कुणी पाहिली नाही. बडोद्यात प्रतापनगरहून दांडिया बाजारात आमच्याकडे येताना सायकलवाले त्यांना मागे टाकत आणि जाताजाता "केम छो, काका" म्हणत. नाना उत्तरादाखल नुसती मान हलवत, कारण हात हलवायचा तर हँडल सोडावं लागलं असतं. त्यांना घरीदारी सगळे नानाच म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणतो.

नानांचे वडील संस्थानच्या दरबारी कचेरीत होते. मुलानेही टेबलखुर्ची धरावी अशी त्यांची इच्छा होती, पण नाना गेले रेल्वेच्या वर्कशॉपात. फिटर म्हणून लागले आणि चार्जमन झाले, म्हणजे बारा-पंधरा फिटर त्यांच्या हाताखाली. डब्यांचे ब्रेक तपासून ते ठीक असल्याची सही करणं हे त्यांचं काम. या सहीचा त्यांना फार अभिमान होता. "वसंतराव, माझ्या सहीवर माणसं झोपून प्रवास करतात," असं ते मला लग्न ठरवतानाच सांगून गेले. मला तेव्हा हसू आलं होतं. मी एकोणतीस वर्षांचा, सयाजीगंजात विम्याच्या कचेरीत कारकून आणि माझ्याकडे नवी येझदी मोटारसायकल. म्हाताऱ्यांना काय, भीती वाटते आणि तिला ते अनुभव म्हणतात, असं माझं मत होतं. विम्याच्या कचेरीत रोज अपघातांचे कागद वाचूनही हे मत टिकलं, यावरून माझी अक्कल लक्षात यावी.

बडोद्यात संक्रांत म्हणजे उत्तरायण, आणि उत्तरायण म्हणजे आख्खं गाव गच्चीवर. कापलेल्या पतंगांचा मांजा रस्त्यावर आडवा लोंबत असतो. काच लावलेला तो दोरा पायी चालणाऱ्याला फार तर ओरखडतो, पण वेगात येणाऱ्याचा गळाच कापतो. नानांच्या वर्कशॉपातला एकजण सायकलवरून येताना असा कापला गेला, तेव्हापासून नाना दर पौषात जाड लोखंडी तारेची कमान करून हँडलला बांधत. एका मुठीपासून निघून चालवणाऱ्याच्या डोक्यावरून दुसऱ्या मुठीपर्यंत. मांजा आला तर आधी तारेला अडणार. आज अशा कमानी बाजारात तयार मिळतात, पण १९८२ साली त्या फक्त प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये दिसत आणि सगळ्या नानांनी बांधलेल्या असत.

त्या वर्षी माझी आणि निरुपमाची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. संध्याकाळी माहेरी तिचं हळदीकुंकू, काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, सगळं साग्रसंगीत. माझ्या सासूबाईंनी, कमलाताईंनी, महिनाभर बसून दागिने केले होते आणि दोन दिवस आधी आमच्याकडे पाठवले होते, म्हणजे मुलगी सासरहून नटूनच येईल. संक्रांतीच्या सकाळी नाना स्वतः आले ते पक्कड आणि तारेचं वेटोळं घेऊन. अर्धा तास ते माझ्या येझदीपाशी उकिडवे बसले होते. दोन्ही बाजूंना त्यांनी सहा-सहा पीळ घातले, मोजून. मग कमान धरून गाडीच हलवून पाहिली.

"वसंतराव, महिनाभर काढू नका," ते म्हणाले. "तुमची गाडी चांगली आहे, हातही चांगला आहे. पण रस्ता काही आपल्या एकट्याच्या नावावर नसतो."

"हो नाना," मी म्हणालो. जावई सासऱ्यापुढे दुसरं काय म्हणणार.

दुपारी मी लहरीपुऱ्यात गजरा आणायला गेलो. तिथे माझा शाळेपासूनचा मित्र गोविंद याचं बांगड्या-फण्यांचं दुकान. दुकानापुढे आमची नेहमीची टोळी उभी होती. गोविंदने कमानीकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "अल्या वसंत, आ शुं लगाव्युं छे? मच्छरदानी बांधवानी छे?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली. या टोळीत सगळ्यात वेगात जाणारा म्हणून माझं नाव होतं. संध्याकाळी नटलेल्या बायकोला मागे बसवून मी या मच्छरदाणीत बसून जाणार, हे चित्र मला सहन होईना. मी गोविंदकडून पक्कड मागितली आणि तार सोडवायला बसलो. सुटता सुटेना. एकेका बाजूला पाव तास लागला, तळहाताला फोड आला. शेवटी ती कमान मी गोविंदच्या दुकानामागे टाकली आणि गजरा घेऊन सुसाट घरी आलो.

चार वाजता आम्ही निघालो. निरुपमा मागे बसता बसता म्हणाली, "अहो, नानांनी सकाळी लावलेली तार कुठे गेली?"

मी म्हणालो, "पडली वाटेत. तुझ्या वडलांची पकड आता सैल झाली."

 तिला वाईट वाटलं असणार. मला मात्र आपण फार गमतीचं बोललो असं वाटलं, आणि त्या गमतीच्या भरात मी गाडी साठावर नेली. "हळू चालवा," ती दोनदा म्हणाली. मी म्हणालो, "अनुभव आहे मला." अनुभव कसला, तर दहा वर्षांत एकदाही पडलो नव्हतो. आतापर्यंत काही झालं नाही, एवढाच तो अनुभव.

प्रतापनगरच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. उन्हात काहीतरी चमकलं. मी पाहिलं आणि वाकलो. विचार करायला वेळच नव्हता, शरीर आपोआप वाकलं. मांजा माझ्या डोक्यावरून गेला आणि मागे निरुपमाला लागला.

ती वाचली ती हलव्यामुळे. गळ्यात हलव्याची चिंचपेटी होती आणि चिंचपेटीला आतून जाड पुठ्ठा. मांजा त्या पुठ्ठ्यात रुतला आणि मग वर सरकून हनुवटीपासून कानापर्यंत कापत गेला. मी गाडी थांबवून मागे वळलो तेव्हा तिची काळी साडी ओली झाली होती आणि रस्त्यावर पांढरे दाणे पसरले होते. गच्चीवरची मंडळी ओरडायची थांबली. कुणीतरी रिक्षा आणली.

दवाखान्यात सगळे मला म्हणत होते, वाकलास म्हणून वाचलास, काय चपळाई. मी ते ऐकून घेत होतो. मग नाना आले. हळदीकुंकवासाठी काढलेला कडक इस्त्रीचा सदरा त्यांच्या अंगावर होता. त्यांनी मुलीला पाहिलं, डॉक्टरांशी बोलले आणि माझ्यापाशी येऊन हळूच विचारलं, "तार होती ना?"

त्या घटकेला मी खरं बोलू शकलो असतो. त्यांनी मला एक मुस्काटात दिली असती आणि ते बरंच झालं असतं. मी म्हणालो, "नाना, तार वाटेत पडली हो."

ते बाकावर बसले, हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिले. मी समोर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, मुलगी दवाखान्यात असताना नाना पक्कड घेऊन क्वार्टर्समध्ये घरोघर फिरले आणि आपण बांधलेली प्रत्येक तार पुन्हा आवळून आले. पुढच्या वर्षी त्यांनी तारा बांधल्याच नाहीत. कुणी मागायला आलं तर म्हणत, "दुसऱ्याकडून बांधून घ्या, माझा हात आता भरवशाचा नाही." आणि त्याआधीच, अपघाताच्या वर्षी मार्चमध्ये, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, त्यांनी साहेबांना अर्ज दिला की ब्रेकच्या तपासणीवरून आपल्याला काढावं. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. ज्याच्या सहीवर माणसं झोपून प्रवास करत, तो माणूस शेवटची दोन वर्षं नट-बोल्ट मोजून देत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती अशी. चोराला तर सासुरवाडीत दर दिवाळीला ओवाळत होते.

निरुपमाची जखम भरली, पण खालचा ओठ एका बाजूने हलत नाही. ती हसते तेव्हा अर्धीच हसते. मी गाडी चाळिसाच्या आत चालवू लागलो, पुढे पस्तिसाच्या. कचेरीत म्हणाले, लग्न झालं, वय वाढलं, पोक्तपणा आला. वयाने कसला पोक्तपणा येतो? गाडी जोरात जाऊ लागली की मला पांढरे दाणे दिसत, एवढंच. पण असं कुणाला सांगत बसलो नाही. मूग गिळून बसायची मला चांगली सवय झाली होती. एकदा नाही सांगितलं तर दुसऱ्यांदा सांगणं दुप्पट अवघड होतं, आणि वीस वर्षांनी ते किती अवघड होतं याचा हिशेब मला मांडता आला नाही.

कमलाताई गेल्यावर नाना आमच्याकडे राहायला आले. २००३ साली भोगीच्या दिवशी सकाळी मी अंगणात स्कूटरला तार बांधत होतो. नाना खुर्चीवर बसून बघत होते. त्यांचं वय सत्त्याहत्तर, हात थरथरत, पण डोकं अगदी ताळ्यावर. बराच वेळ बघून ते म्हणाले, "मी मदत केली असती, वसंतराव. पण माझ्या हातून काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

एकवीस वर्षांनीही ते हेच म्हणत होते, आणि तेही मलाच. मग माझ्याने राहवलं नाही. मी पक्कड खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. लहरीपुरा, मच्छरदाणी, गोविंदची पक्कड, दवाखान्यातलं खोटं. सांगताना मला रडू आलं.

नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हाताऱ्याचं मन राखायला इतकं खोटं बोलू नये, वसंतराव." आणि दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "निरू, ऐकलंस का? माझ्या चुकीचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतायत. नशीब काढलंस तू."

निरुपमा दारात उभी होती. हातात तिळाचं ताट होतं. तिने ते जमिनीवर ठेवलं. वडलांनी ज्यावर विश्वास ठेवला नाही, त्यावर तिने तत्क्षणी ठेवला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

 संध्याकाळी गुळाच्या पोळ्यांची कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्ही वाकलात त्याचं मला काही वाटत नाही. कुणीही वाकलं असतं. तार काढलीत तेही मी एक वेळ सोडून देईन, तोंड माझं कापलं गेलं. पण माझ्या बापाने ब्रेकचं काम सोडलं."

मी म्हणालो, "सांगितलं ना आज."

"त्यांना पटलं का?"

"नाही."

"मग पटेपर्यंत सांगा."

मी सांगत राहिलो. दर रविवारी मी नानांची दाढी करून देत असे, तेव्हा सांगायचो. ते कधी हसत, कधी चिडत. "पुरे आता, तुमचा चांगुलपणा कळला," म्हणत. एकदा मी गोविंदला घरी घेऊन आलो. तोही आता टकल्या आजोबा झाला होता. तो नानांच्या पायाशी बसून म्हणाला, "काका, मारी दुकाने ऊभो रहीने ज तार काढ्यो हतो एणे. हसणारा मीच होतो." नानांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मला म्हणाले, "याला पण पढवून आणलंत?"

निरुपमा आतून ऐकत असे. ती बाहेर येत नसे.

पुढच्या जानेवारीत नाना अंथरुणाला खिळले होते. मी स्कूटरला तार बांधून आत आलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "आठ पीळ घातलेत ना?" त्यांनी विचारलं. "मी त्या दिवशी सहाच घातले. तिथेच चुकलो. तुम्ही आठ घालत जा."

मी "हो नाना" म्हणालो. मार्चमध्ये ते गेले.

आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे. पौष लागला की आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या गाड्यांना मीच तारा बांधतो. ती मला बघून हसतात, मी रागावत नाही. ती म्हणतात काका फार काळजीवाले, त्यांच्या आया म्हणतात देवमाणूस. निरुपमा हे ऐकते आणि आत जाते. मी प्रत्येक टोकाला आठ पीळ घालतो, कारण मी तसा शब्द दिला आहे. पण सहा पुरत होते. ते सोडवताना माझ्या तळहाताला फोड आला होता.