हरिहरपंतांची डावी बाजू

कल्याणच्या मामलेदार कचेरीतले कारकून हरिहरपंत यांच्या वजनाचा निकाल एका तट्टाने लावला. तट्टाचं नाव पाखऱ्या, मालक पारनाक्यावरचा दौलत. अठराशे ऐंशीनंतरची दोनचार वर्षं उलटली होती. श्रावणातल्या एका रविवारी पंत पाखऱ्यावर बसले, आणि पाखऱ्याने जराही घाई न करता आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे. पंतांचे पाय जमिनीला लागले. ते तट्टावर बसलेत की तट्टाच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत, हे बघणाऱ्यांना नीटसं सांगता येईना.

"जनावर न्हाई म्हंतंय, पंत," दौलत म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, पण ते तट्टाबद्दल.

कचेरीतले दुसरे कारकून गुरुदत्त तिथेच उभे होते. अंगाने ते पळीसारखे. हिशेबाला कच्चे, पण पाखऱ्या त्यांना पाठीवर घेऊन दुडक्या चालीने जात असे. त्यांनी विचारलं, "पंत, बसायचा हुकूम तुम्ही दिलात, की त्याचा त्यानंच काढला?"

ही थट्टा पंतांना लागली, कारण तिच्यामागे नोकरीचा प्रश्न होता. दिवाळीनंतर मामलेदारांची फिरती निघायची. मुरबाडच्या पुढे शेताच्या बांधांवरून आणि ओढ्यांतून वाट जाई, तिथे बैलगाडी चालत नसे. बरोबर जाणाऱ्या कारकुनाला तट्टू लागे, आणि जो कारकून फिरतीला जाई तोच पुढे अव्वल कारकून होई. पंतांना पेलेल असं भाड्याचं तट्टू साऱ्या कल्याणात पाखऱ्या एकच. पाखऱ्या बसला तर पंत बसले आणि गुरुदत्त निघाले, इतका हा हिशेब सरळ होता.

घरी येऊन पंतांनी ही हकीकत आईला सांगितली, म्हणजे माजघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. आईने तट्टाला दोष दिला. बायको, उत्तरा, दारातून चुलीकडे वळली. दुसऱ्या दिवशी तिने वैद्यबुवांचा सल्ला मागवला. तो असा आला: रात्रीचा भात अर्धा, तूप नावापुरतं, तळण बंद, भाजी दुप्पट.

त्यात अडचण फक्त भाजीची होती. पंत भाजी खात नसत. पडवळ त्यांना सापासारखा दिसे. दुधीला चव नाही ही त्यांची तक्रार, आणि कारल्याला आहे ही दुसरी. भोपळा गुरांचा, अळू खाजरं, मेथीचा वास येतो, चाकवताचा येत नाही म्हणून संशय. बटाटा तेवढा ते खात, तोही परतून खरपूस केलेला. पान वाढलं की ते आधी उजवीकडे बघत. तिथे नको ती भाजी दिसली, की नाकाचा शेंडा किंचित वर जाई आणि पान दोन बोटं पुढे सरके. मग आई म्हणे, "अगं, त्याला पापड भाज."

पहिले काही दिवस उत्तराने वैद्यबुवांचा शब्द पाळला. साधी, फोडणीपुरत्या तेलातली, ओल्या खोबऱ्याची भाजी ती रोज करी, आणि ती रोज परत येई. पंतांचं ताट मागाहून तिचंच असल्यामुळे ती भाजी तीच खाई. त्या पंधरवड्यात पथ्य लागू पडलं ते तिला. सासूबाई म्हणाल्या, रंग उजळलाय हो तुझा.

मग एका संध्याकाळी दोडक्याची भाजी नेहमीसारखी पानात राहिली. मात्र दोडक्याच्या शिरा वाया जाऊ नयेत म्हणून उत्तराने त्यांची तीळ घालून चटणी केली होती. ती तिने रीतीप्रमाणे पानाच्या डाव्या बाजूला वाढली होती. पंतांनी ती बोटाने चाखली, भाताबरोबर खाल्ली, पान तिथे स्वच्छ केलं आणि आणखी मागितली.

उत्तरा पळी हातात धरून पानाकडे बघत राहिली. उजवीकडे दोडका तसाच पडला होता. डावीकडे तोच दोडका संपला होता.

त्या रात्री तिच्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून पंतांनी डाव्या बाजूचं काहीही टाकलेलं नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही मंडळी डावीकडे बसतात. त्यांची निवड करायची असते हे पंतांच्या कधी मनातच आलं नव्हतं. उजवीकडच्या पदार्थाची ते परीक्षा घेत. डावीकडचा पदार्थ चवीसाठी असतो, तो चाखायचा असतो, आणि जो चाखला तो संपवायचा असतो. माणूस आईच्या हाताखाली वाढला होता, रीत पक्की होती.

उत्तराने रीत मोडली नाही, फक्त ताणली. दुधी किसून दह्यात कालवला आणि डावीकडे वाढला. भोपळा भाजून, मोहरी फेसून त्याचं भरीत केलं, डावीकडे. पडवळाच्या बियांची चटणी, कारल्याचं चिंचगुळातलं पंचामृत, मेथीचा पाला कांदा न घालता बारीक चिरून कोशिंबीर, सगळं डावीकडे. आकार चटणीचा ठेवायचा आणि वाढायचं पुनःपुन्हा. भाताची मूद पाडायची वाटी तिने बदलून देवघरातल्या नैवेद्याच्या वाटीएवढी केली. आमटी आणायला ती मुद्दाम उशीर करी, म्हणजे मधल्या भाताची वेळ येईपर्यंत पंत डावीकडेच फिरत राहत. उजवीकडे एक पडवळाचा तुकडा मानापुरता ठेवलेला असे. तो नाकारून पंतांचा तोरा राखला जाई.

सासूबाईंना डावी बाजू वाढताना दिसत होती.

"डावीकडे इतकं वाढतात का गं कुठे?"

"आपणच शिकवलंत ना, चटणी-कोशिंबीर डावीकडे म्हणून."

 सासूबाईंनी उत्तर म्हणून मुदीवर चोरून तूप सोडलं. उत्तराने दुसऱ्या दिवसापासून तूप इतक्या बारीक धारेच्या भांड्यात ठेवलं की चोरी करायला पंगत उठेपर्यंत वेळ लागावा.

तिचाही यात एक स्वार्थ होता, तो तिने कुणाला सांगितला नाही. पंत फिरतीला गेले म्हणजे होळीपर्यंत या घरात भाजी भाजीसारखी करता येणार होती.

दर रविवारी पंत पाखऱ्याकडे जात. घरात ताजवा होता, पण तो साखर मोजायचा, पंत मोजायचा नव्हे. तेव्हा पाखऱ्याचा निकाल हाच खरा. भाद्रपदात तो पंतांना घेऊन बसला नाही, नुसता उभा राहिला. दसऱ्याच्या सुमाराला पंत घरी आले ते छाती काढूनच. पाखऱ्या चालला होता. पारनाक्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेला, मान हलवत, आनंदाने. पुढच्या रविवारीही त्याच टोकापर्यंत गेला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी जवळजवळ धावत.

तो दर वेळी नेमका तिथेच का थांबतो, असं उत्तराने सासूबाईंमार्फत विचारलं. पंत म्हणाले, जनावराच्या स्वभावाला कारण नसतं. रविवारी संध्याकाळी ते जेवायचे बेताचे. एकच मूद पुरे म्हणायचे, आणि साध्या अन्नासारखं सुख नाही असंही म्हणायचे. उत्तराला वाटलं, पथ्य आता अंगी मुरलं. तिने आनंदाने त्या दिवशीची उरलेली कोशिंबीर स्वतः खाल्ली.

दिवाळी झाली. फिरतीच्या सकाळी मामलेदारांची दोन बैलांची दमणी नाक्यावर येऊन उभी राहिली. गुरुदत्त निरोप द्यायला आले होते, पण त्यांची वळकटी बांधलेली होती आणि काखेत होती. पंत पाखऱ्यावर चढले. पाखऱ्या बसला नाही. पंतांचा अंगरखा खांद्यावरून सैल लोंबत होता, हे लोकांनी पाहिलं. दमणी निघाली, मागून पाखऱ्या निघाला. दमणी उजवीकडे मुरबाडच्या वाटेला वळली. पाखऱ्या सरळ गेला.

तो नाक्याच्या टोकाशी पंढरी हलवायाच्या दुकानापुढे थांबला आणि त्याने दुकानाच्या फळीवर हनुवटी ठेवली.

उत्तरा आणि सासूबाई प्रवास सुखाचा व्हावा म्हणून दुर्गाडीच्या देवीला नारळ देऊन याच वाटेने परतत होत्या. त्यांना सगळं दिसलं, आणि पंढरी मान वर न करता जे बोलला तेही ऐकू आलं.

"आज रविवार नसताना आलात? नेहमीचंच ना, पंत? दोघांचं?"

त्याने दोन पानं मांडली. दोन्हींवर गरम जिलबी ठेवली. एक पान त्याने पंतांच्या हाती दिलं आणि दुसरं पाखऱ्यापुढे सरकवलं.

पंत कुणाकडेही बघेनात. दमणी पुढे थांबली होती आणि मामलेदारांचा पट्टेवाला मागे वळून बघत होता. गुरुदत्तांनी वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली.

सासूबाईंसमोर भररस्त्यात नवऱ्याशी बोलणं उत्तराला शक्य नव्हतं. तशी पद्धत नव्हती. तिने पदर नीट केला, चार पावलं पुढे आली आणि पाखऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली. घरात पंतांशी बोलताना जी भाषा ती वापरी, तीच तिने तट्टासाठी वापरली.

"पुरे झालं आता. दर रविवारी इकडे यायचं आणि घरी येऊन साध्या अन्नाची स्तुती करायची, हे शोभतं का? ते पान ठेवायचं खाली. जिलबीकडे बघायचं नाही. दमणी थांबली आहे, मुकाट्यानं मुरबाडची वाट धरायची."

पाखऱ्याने कान मागे घेतले.

"बरं," पंत म्हणाले, आणि पान फळीवर ठेवलं.

त्यानंतर आधी पंतांनी लगाम ओढला की आधी पाखऱ्या वळला, यावर पारनाक्यावर पुढे बरेच दिवस मतभेद होते. दोघं वळले एवढं खरं. पाखऱ्याने वाटेत एकदाच मागे पाहिलं. पंतांनी एकदाही नाही. दौलत मागोमाग पळत गेला, त्याच्या हातात पाखऱ्याच्या पानातली जिलबी होती. गुरुदत्त वळकटी घेऊन कचेरीत गेले.

पंतांच्या शिदोरीत उत्तराने दशम्या आणि चार तऱ्हांच्या चटण्या दिल्या होत्या. पट्टेवाल्याने नंतर कचेरीत सांगितलं की पहिल्या मुक्कामाला पंतांनी पळसाचं पान मांडलं, चटण्या डावीकडे ओळीने वाढून घेतल्या, आणि उजवी बाजू रिकामी बघून पुष्कळ वेळ समाधानाने बसून राहिले.

इकडे दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तराने दुधीची भाजी केली आणि सासूबाईंच्या पानात उजवीकडे वाढली. सासूबाईंनी ती खाल्ली, पुन्हा मागितली आणि सुस्कारा सोडला.

"हरीला आवडली असती गं."

"डावीकडे वाढली असती तर," उत्तरा म्हणाली.