चाकांच्या बुटांना घुंगरं

केनवडच्या बाजारात बांगड्या भरणारी ती बाई कुणाशीही बोलताना वर पाहत नाही. नजर गिऱ्हाइकाच्या मनगटावर. तिची पोर चाकांचे बूट घालून गर्दीतून सुसाट जायची. एकदा तिचा एका म्हातारीला धक्का लागला. बाईनं पोरीला माफी मागायला लावली. बूट मात्र हिसकावले नाहीत. त्यांना बैलाच्या माळेतली घुंगरं बांधली. "आता हळू चाल, आन् लोकायले आयकू येऊ दे."

पुढच्या बाजारी फटफटी घेऊन गर्दीत घुसलेला एक जण बाईसमोर थांबला. "पोरीच्या जातीले चाकं कायले पाह्यजेत?"

तेव्हा मी तिला पहिल्यांदा मान वर करताना पाहिलं. उरलेलं घुंगरू त्याच्या हँडलला बांधत ती म्हणाली, "तुमचे चाकं तं तिच्यापरीस मोठे हायेत, भाऊ."